न्हाणीच्या दारावरचं विमान

बालाघाट,
११ ऑगस्ट २००२

लोकेश,

आशीर्वाद नंतर. आधी तुझं पत्र.

विमलाबाईनं ते मला दोनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्या वाचनानंतर मला वाटलं की तिनं मधलं एखादं पान गाळलं. एकवीस प्रश्न! खिडक्या गोल की चौकोनी, पुढच्या काचेच्या घुमटाला पट्ट्या किती, रंग मातकट की हिरवट, पंख पोटाच्या वर की खाली. आणि एकविसाव्या प्रश्नानंतर लगेच तुझी सही. आजी जिवंत आहे की गेली, हा बाविसावा प्रश्न तुझ्या कंप्युटरात मावला नसेल.

विमलाबाई म्हणजे आपल्या शेजारी राहायला आलेल्या, मराठी शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरीणबाई. नवरा गेल्यापासून एकट्याच असतात. अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात, मला काय कळतं. खोड मात्र वाईट. मी 'मले' म्हटलं की ती 'मला' लिहिते, 'काहून' म्हटलं की 'का' लिहिते. तुला हे पत्र वाचताना आजी शहाणी झाल्यासारखी वाटली तर घाबरू नको, ती मास्तरीण आहे.

आता तुझे प्रश्न. लढाईच्या काळातलं बॉम्बचं विमान तू पुण्यात बसून कंप्युटरात जसंच्या तसं बांधतो आहेस, खिळ्यांसकट. बांध. पण मी तेव्हा तेरा वर्षांची होते, नुकती सासरी आलेली. चव्वेचाळीस साल. बिरशाजवळच्या आपल्या गावात धान कापून झालं होतं आणि ते धानाच्या रिकाम्या शेतांत, बांध्यांत, पोटावर घसरत आलं. आम्ही काय हातात कागद घेऊन खिडक्या मोजत होतो? आम्ही पळत होतो.

तरी आठवतं ते सांगते. पंख पोटाच्या वर होते, खांद्यावर घेतल्यासारखे. चार पंखे. शेपटीच्या दोन्ही टोकांना पोळपाट उभे केल्यासारखं काहीतरी होतं. रंग शेणाच्या गोवरीसारखा. हे तुझ्या पुस्तकात कोणत्या नावानं आहे ते तू पाहा.

एकविसावा प्रश्न तू चौथ्यांदा विचारतो आहेस. इंग्लंडातले म्हातारे, ज्यांनी असली विमानं स्वतः उडवली, ते इंटरनेटवर तुझं विमान तपासून राहिले. ते म्हणतात, बाजूच्या निळ्या वर्तुळाच्या मधे लाल असूच शकत नाही. जपानी विमानांवर लाल गोळा होता, म्हणून इकडच्या सगळ्या विमानांवरचा लाल इंग्रजांनी आधीच पुसून टाकला होता. आणि तू म्हणतोस, लाल आहे, कारण तो आपल्या न्हाणीच्या दारावर आहे.

आहेच. ते विमान जळालं, तेव्हा त्याच्या बाजूचा उरलेला पत्रा तुझ्या पणजोबांनी कापून आणला, आणि बालाघाटला राहायला आलो तेव्हा त्याचं न्हाणीला दार झालं. मागच्या खेपेला तू त्यावरचा लाल खरवडून पुण्याच्या प्रयोगशाळेत नेला. त्यांनी सांगितलं, शिसं आणि जवसाचं तेल, जुना पक्का रंग. मग आणखी काय पाहिजे? मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगते. आकाशातून आलं तेव्हा ते असंच होतं. म्हाताऱ्यांना म्हणावं, चष्मे बदला.

दोन वर्षं झाली. सरकारी नोकरी सोडली म्हणून बापाशी भांडलास आणि "विमान पास झाल्याशिवाय या घरात पाय ठेवणार नाही" म्हणून निघून गेलास. फोन तुझ्या बापाच्या, भोजराजच्या, खोलीत आहे. तुझा आवाज ऐकला की तो "राँग नंबर" म्हणून ठेवून देतो. तुमच्या दोघांच्या अकडीमुळे मी या वयात टपालखात्याच्या नादी लागले. दिवाळीपर्यंत ते विमान पास करून घे आणि ये.

तुझी आजी
गोदाबाई


बालाघाट,
१ सप्टेंबर २००२

लोकेश,

तुझ्यापायी माझी हाडं खिळखिळी झाली. तू लिहिलंस, "आजी, तुझ्याशिवाय दुसरा कोणी साक्षीदार आहे का?" आहे. बिरशाचा हिरालाल. तेव्हा आठ वर्षांचा होता, गुरं राखायचा. म्हणून मी बैहरची बस धरली आणि तिथून पुढे जीपमध्ये, चौदा माणसं आणि एक बोकड. बोकडाला खिडकीजवळची जागा मिळाली.

हिरालाल आता ओसरीवर बसून खोकतो. मी म्हटलं, "हिरालाल, इमानाच्या शेपट्या किती होत्या?"

"एक."

"डोळे फुटले होते काय तुझे? दोन!"

"गोदाबाई, म्या त्या शेपटीवर चढून पाह्यलं. तू तं नवी नवरी, तुले घराभाईर कोण सोडलं होतं?"

मग त्यानं अंगणात सूप उलटं ठेवलं, त्याच्यावर आडवा कोयता, आणि मागे एक विळा उभा करून म्हणाला, "हे पाय, असं होतं." मी तो विळा काढून मातीची दोन परळं उभी केली. त्यानं परळं काढून विळा ठेवला. असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी त्याची सून बाहेर येऊन म्हणाली, "अम्मा, सूप दे दो, चावल फटकना है." तर तुझा साक्षीदार असा आहे. रंग त्यानं पांढरा सांगितला. विमानातले गोरे सात होते की नऊ, यावर तो माझ्याशी बोलणंच बंद करणार होता.

आणि तू म्हणतोस, बरोब्बर पाहिजे. एका खिळ्याचीही चूक चालत नाही. बाबा रे, माणसाच्या डोक्यात खिळे राहत नाहीत. धूर राहतो, कोणाचं ओरडणं राहतं.

लाल रंगाचंही विचारलं, तुझ्यासाठी. तो म्हणाला, "हौ, लाल होता ना. म्हणून तं जळलं." आणि एका बाईचं नाव घेतलं. ते नाव इथं लिहिण्याची गरज नाही. विमलाबाई विचारून राहिली की कोणती बाई. मी म्हटलं, तू लिही, तुले काय करायचं. (हे 'तुले' तिनं तसंच ठेवलं, रागानं.)

थोडक्यात, लाल होता. दोन साक्षी झाल्या. म्हाताऱ्यांना कळव.

गोदाबाई


बालाघाट,
१५ सप्टेंबर २००२

लोकेश,

पत्र मिळालं. विमलाबाईनं हळू आवाजात वाचलं, तेव्हाच समजले.

म्हाताऱ्यांनी तुझं विमान परत पाठवलं. जो माणूस एवढा लाल गोळा चुकवतो त्याच्या बाकीच्या खिळ्यांवर कोण विश्वास ठेवणार, असं त्यांनी लिहिलं. दोन वर्षांचं काम. आणि तू मला लिहिलंस, "आजी, तू एक तर विसरली आहेस, नाहीतर खोटं बोलते आहेस. यापुढे मला काही सांगू नकोस. दिवाळीला माझी वाट पाहू नका."

विसरलेली नाही.

पुढचं मला सांगता येत नाही. तुला वाटत असेल, बोलायचं आणि पाठवायचं, त्यात काय. तू दार लावून लिहितोस, बंद करतोस, पाठवतोस. माझं प्रत्येक अक्षर आधी दुसऱ्याच्या कानातून जातं. अंगठाछाप बाईला गुपचूप असं काही लिहिता येत नाही, हे तुझ्या एकवीस प्रश्नांत कुठं बसतं का पाहा.

विमलाबाई म्हणते, मी चहा करून आणते, तोवर विचार करा. ती उठून गेली तर लिहिणार कोण, हेही तिला समजत नाही. एवढी शिकलेली बाई.

आजचं इथंच.


बालाघाट,
२९ सप्टेंबर २००२

लोकेश,

दोन आठवडे मी विमलाबाईला दारात उभं केलं नाही. आज मीच तिच्या घरी आले. तिला म्हटलं, जे सांगीन ते लिहायचं, काही गाळायचं नाही, आणि मधे "अगं बाई" म्हणायचं नाही. ती हौ म्हणाली. 'हो' नाही म्हणाली. म्हणजे ऐकणार आहे.

विमानाच्या वर्तुळाच्या मधे लाल नव्हता. म्हातारे बरोबर आहेत. मधे फिकट होतं, कोरं. तो लाल मी लावला.

आता नीट ऐक. तुझ्या आजोबांना मोठा भाऊ होता, तो सर्पदंशानं गेला. त्याची बायको कौतिका, माझी मोठी जाऊ. तेव्हा एकोणीस वर्षांची. मला आई नव्हती, बाप नव्हता, मामानं लग्न लावून मोकळं केलं होतं. कौतिकानं मला भात मापून घालायला शिकवलं, नऊवारीचा काष्टा घालायला शिकवला. रात्री भीती वाटली की मी तिच्याजवळ जाऊन झोपायची. तिचं कपाळ कोरं. सणावाराला ती आत बसायची, आणि मी तिथं जाऊन तिला हसवायची, कारण तेवढं एकच काम मला चांगलं येत होतं.

विमान आलं आणि गावातल्या मोठ्या माणसांनी ठरवलं, आकाशातून आलेलं आहे, मारुतीसारखंच म्हणायचं. उद्या सकाळी त्याला शेंदराचा टिळा लावू, नारळ फोडू. गोऱ्यांना विचारलं तर ते हसले आणि बिस्किटं वाटू लागले. पुजाऱ्यानं संध्याकाळीच शेंदूर कालवून वाटी देवळाच्या पायरीवर झाकून ठेवली. आपल्याकडे तेल कोणतं? जवसाचं. आता तुझी प्रयोगशाळा काय म्हणाली ते आठव. शिसं आणि जवसाचं तेल. तो पुजाऱ्याचा शेंदूर होता. तो पत्र्यावर बसला की रंगासारखा वाळतो, निघत नाही. तुझे शिकलेले लोक फसले, कारण इंग्रजांचा रंग आणि आमचा शेंदूर एकाच घाण्यातून आलेले निघाले.

दिवेलागणीला कौतिका आणि मी पाण्याला निघालो तेव्हा विमान बांधीत एकटंच पडलं होतं. गोरे शाळेत जेवत होते. राखणदार पलीकडच्या बाजूला तंबाखू मळत बसला होता. मी ते निळं गोल पाहिलं, मधे काहीच नाही. मी म्हटलं, "बाई, पाय न, याचंबी कपाळ तुह्यासारखंच कोरं." आणि पळत जाऊन पायरीवरची वाटी आणली. बायकांनी त्या शेंदराला हात लावायचा नसतो, हे मला माहीत होतं. तरी आणली. आणि टिळा नाही लावला, लोकेश. दोन्ही हातांनी ते सगळं गोल भरून टाकलं. कोपरापर्यंत लाल झाले.

कौतिका हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा तोंडावर हात न ठेवता हसली. आणि मग घाबरली. तिनं आपल्या पांढऱ्या पदरानं माझे हात पुसले, घागरीतलं पाणी ओतून धुतले, नखांतलंसुद्धा काडीनं काढलं. पदर धुवायला वेळ मिळाला नाही.

सकाळी सगळ्यांनी ते लाल गोल पाहिलं आणि नारळ तसाच राहिला. दुपारी गोरे विमानातलं तेल काढत असताना ते पेटलं. एक गोरा पोरगा गेला. मिशीसुद्धा नव्हती. त्याचं ओरडणं मी अजून ऐकते.

मग गावानं विचारलं, कोणी केलं. आणि कोणीतरी कौतिकाचा पदर पाहिला. विधवेनं शेंदराला हात लावला, म्हणून आग लागली. झालं. तिला विचारलं तर ती काही बोलली नाही. ती माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हती. मी खांबाआड उभी होते, दोन्ही हात स्वच्छ. बैलगाडी जुंपली आणि तिला लांजीकडे तिच्या भावाच्या घरी नेऊन सोडलं. त्यानंतर आपल्या घरात तिचं नाव कोणी घेतलं नाही. तुझ्या बापालाही माहीत नाही की त्याला एक काकू होती.

तू त्या लालावर बोट ठेवून विचारलंस, "आजी, हा आधीपासून होता का?" तेव्हा भोजराज बाजूला उभा होता, तुझी आई उभी होती. मी म्हटलं, "हौ, असाच आला." अठ्ठावन्न वर्षं ते एकच उत्तर तयार होतं, ते निघून गेलं. तू त्याच्यावर विमान बांधलंस.

विमलाबाईनं पेन खाली ठेवलं आहे. "गोदाबाई, हे मी लिहू का?" म्हणते. मी म्हटलं, लिहिलं नाहीस तर मी भाजीवालीला सांगेन, तिचं अक्षर वाईट असेल पण हात थांबणार नाही. आता लिहून राहिली. डोळे पुसते, पण लिहून राहिली.

विमानातला लाल काढून टाक.

गोदाबाई


बालाघाट,
२० ऑक्टोबर २००२

लोकेश,

तुझं चार ओळींचं पत्र आलं. लाल काढलास. म्हाताऱ्यांना सांगितलंस, तर ते म्हणतात, आधी लाल होता म्हणत होतास, आता नाही म्हणतोस, कशावरून? ज्या बाईनं लावला तिचं लेखी पाहिजे. घरी येण्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. मी दोनदा वाचून घेतलं.

लेखी देईन. पण आधी मी लांजीला जाऊन आले. भोजराजला सांगितलं, देवदर्शनाला जाते. खोटं बोलायची सवय अशी लगेच सुटत नाही.

मला वाटत होतं, कौतिका केव्हाच गेली असेल, आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटत होतं. नाही गेली. सत्त्याहत्तर वर्षांची आहे आणि पाटावर बसून शिंगाडे सोलते. भावाच्या नातसुनेनं मला समोर बसवलं. कौतिकानं वर पाहिलं नाही.

"ओळखलं काय?" मी म्हटलं.

"आवाजावरून. तुहा आवाज आताबी घागर घासल्यासारखाच हाय."

मी सगळं सांगितलं. एका दमात, जसं तुला सांगितलं तसं. ती शिंगाडे सोलत राहिली. शेवटी म्हणाली, "हे मले सांगाले आली? मले माहीत नाही काय? हात तं मीच पुसले तुहे."

"मंग तेव्हा काहून नाही बोलली?"

"बोलली असती तं त्याइनं तुले काढलं असतं. मले भाऊ होता. तुले कोण होतं?"

मी रडायला लागले. मला वाटलं, आता ती उठेल, जवळ घेईल, पहिल्यासारखं. मी म्हटलं, "बाई, माफ केलं म्हण."

"काहून म्हणू?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तेरा वर्साची गोदा नाही बोलली, तिले म्या तेव्हाच सोडलं. पण तू तेरा वर्साचीच राह्यली काय? वीसची झाली, चाळीसची झाली, नातवंडं झाली. एक दिवस सवड नाही भेटली? माह्या भावाच्या घरी लग्न निघालं की मले मागच्या खोलीत बसवतात. इमान जाळणारी. सासरा गेला, पुजारी गेला, ते नाव नाही गेलं."

"आता काय करू, सांग."

"मले तं माहीतच हाय. ज्याइले माहीत नाही त्याइले सांग. मंडईत सांग. सारा गाव असते."

नातसून म्हणाली, "बुआ, छोडो ना, दादी इतनी दूर से आई है." कौतिकानं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मला एक शिंगाडा सोलून दिला. तोंडात घातला तर कच्चा होता. मुद्दाम दिला असेल. माझ्यासारखीच आहे.

दिवाळीनंतर आपल्या गावची मंडई आहे, जत्राच ती. लेकी-जावई येतात, दंडार होते, सोंगा-गाण्यांचा तो खेळ तू लहानपणी माझ्या मांडीवर झोपून पाहायचास. मी जाणार आहे. भोजराजला आता सगळं सांगितलं. तो न्हाणीच्या दाराजवळ जाऊन उभा राहिला. आंघोळीला नाही गेला.

आजी


बालाघाट,
१२ नोव्हेंबर २००२

लोकेश,

मंडई झाली. सांगते, पण हसू नको. हसशील तर हस, मला काय दिसणार आहे.

भोजराज मला घेऊन गेला. मैदानात इतकी गर्दी की पाय ठेवायला जागा नाही. एकीकडे पाळणा, एकीकडे जिलेबी, मधे दंडारीचा मंच आणि चार भोंगे. माईक बाबूलालकडे होता, सरपंचाचा भाचा. मी म्हटलं, मले दोन गोष्टी सांगायच्या हायेत. तो म्हणाला, "दादी, दो मिनट. अभी राजा-रानी का सीन चल रहा है." राजा-राणीचा सीन झाला, चोराचा झाला, आणि मग त्यानं मला हात धरून वर नेलं.

मी बोलले. सगळं. विमान आलं तेव्हा गोल कोरं होतं, शेंदूर मी लावला, माझे हात लाल होते, कौतिकाबाईचा नुसता पदर. गोरा पोरगा तेलामुळे गेला, कोणाच्या शेंदरामुळे नाही. माझा आवाज भोंग्यातून इतका मोठा आला की मीच घाबरले. आणि लोक, लोकेश, लोक टाळ्या वाजवू लागले. शिट्ट्या. "वन्स मोअर, दादी!" त्यांना वाटलं, दंडारीतलाच एक सीन आहे. मी ओरडून सांगितलं, अरे, खरं हाय हे! तर आणखी हसले. बाबूलालनं माईक घेतला आणि म्हणाला, "तालियाँ, दादी के लिए! अब अगला आइटम."

अठ्ठावन्न वर्षं गप्प राहिले, आणि बोलले तर आइटम झाले.

एकट्या हिरालालनं ऐकलं. पुढे खुर्चीवर बसला होता. काठी आपटत माझ्याकडे आला. "खोटं बोलते तू. माह्या बापानं त्या विधवेच्या पदरावर लाल पाह्यला होता."

"पदरावर पाह्यला. हातावर पाह्यला काय?"

तो थांबला. "हात कोण पाहते," म्हणाला. मग काठी टेकवत, "आता काय फरक पडते, गोदाबाई? सारे मेले."

"ती जिती हाय," मी म्हटलं.

तो काठी टेकत गेला. घरी जाऊन त्यानं सुनेला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सांगितलं असेल तर एक माणूस झालं. त्या गर्दीतून एक.

परत येताना भोजराज म्हणाला, "आई, त्याला लिहून दे. तो लिहितो ते लोक वाचतात." बापानं तुझ्या कामाबद्दल दोन वर्षांत काढलेलं हे पहिलं वाक्य आहे. फोनवर सांग म्हटलं तर मान हलवली. तेवढी अकड राहू दे, एकदम सगळी गेली तर ओळखू येणार नाही.

तर हे लेखी. म्हाताऱ्यांना दाखव, विमानाबरोबर जी माहिती लिहितात तिथं लाव. एक प्रत लांजीला पाठव, कौतिकाच्या भावाच्या घरी, मोठ्या अक्षरात. नातसून हिंदी शाळेत शिकली आहे, तिच्यासाठी हिंदीतही कर, म्हणजे घरातल्या सगळ्यांसमोर वाचता येईल.

खरं सांगते, मनात आलं होतं की हा कागद अडवून ठेवावा. तुला पाहिजे आहे, न्यायला येशील. चार दिवस लिहून घ्यायचं टाळलंही. मग विमलाबाईला बोलावलं. मी एकदा एकीला अडकवून ठेवलं आहे, तेवढं पुरे. तू ये, नाहीतर नको येऊ, हा कागद तुझाच आहे.

लिहून घ्या, विमलाबाई. शब्द सुधारायचा नाही.

म्या, गोदाबाई, राहणार बालाघाट, सांगते का १९४४ साली आमच्या गावात जे इंग्रजाचं इमान उतरलं, त्याच्या बाजूच्या निळ्या गोलात मधे लाल नव्हता. मधे कोरं होतं. लाल म्या लावला. देवळाच्या पायरीवरची वाटी म्या उचलली. कौतिकाबाईनं वाटीले हात लावला नाही, शेंदराले बोट लावलं नाही. तिनं माहे हात पुसले. त्याच्याबद्दल तिले घराभाईर काढलं, आणि म्या पाहत राह्यली.

आजवरच्या पत्रांखाली माझं नाव विमलाबाईनंच लिहिलं. याखाली तिनं फक्त साक्षीदार म्हणून स्वतःचं लिहिलं आहे. माझा अंगठा आहे. ती म्हणाली, पुसट उठला, चालेल. मी म्हटलं, चालणार नाही, आणखी शाई आण. म्हणून दोन दिसतील. दुसरा नीट दाबून लावला आहे.